एका नाण्यावरचे दोन राजे

द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्ता व पुणे रस्ता एकमेकांस मिळतात. तेथल्या गर्दीतून वाट काढीत मुंबईच्या दिशेने निघाले, म्हणजे थोड्याच वेळात पांडवलेण्यांचा डोंगर दिसू लागतो. ज्या नाशिककरास चांदीची जुनी नाणी जमवावयाची आहेत, त्याने आरंभ या डोंगरापासून करावा, बाजारापासून करू नये, असे आमचे मत आहे.

१९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी या गोदाकाठच्या गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५० होती, आणि सगळी एकाच राजाची, क्षहरात वंशातील नहपानाची. परंतु त्यांपैकी ९,२७० च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूस कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ व भोवती त्याचे नाव. दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचे म्हणून ओळखले जाणारे चिन्ह. त्याखालून नहपानाचे नाक, कान, अर्धवट अक्षरे अजून डोकावतात. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी १९०८ मध्ये या ठेव्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नहपानाचे राज्य गौतमीपुत्राने मोडले, यास याहून बोलका पुरावा कोणता?

येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, शत्रूची नाणी त्याने वितळविली नाहीत. चांदी तीच, दोन ग्रॅमच्या आसपासचे वजनही तेच. लोकांच्या हाताला त्या नाण्याची सवय झालेली. राजा बदलला तरी बाजार थांबता कामा नये, हे त्यास कळत होते.

नहपानानंतर चष्टनाच्या घराण्यातील क्षत्रपांनी हीच चांदीची परंपरा चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालविली. नवशिक्यास यासारखी दुसरी मालिका नाही. नाण्यावर राजाचे नाव असते, त्याच्या बापाचेही असते, क्षत्रप की महाक्षत्रप हा हुद्दाही असतो. आणि पुढच्या राजांच्या नाण्यांवर मस्तकामागे शकवर्षाचा आकडा येतो. एक नाणे हाती आले की बापाचे शोधावे, मग भावाचे. वंशावळ आपोआप जुळत जाते. त्यासाठी ब्राह्मी लिपी तेवढी शिकावी लागते. आम्हांस शाळेचे शिक्षण बेताचेच. पण युनियनच्या कचेरीत रात्री बसून ती अक्षरे गिरविली व जमली. तेव्हा कोणी कचरू नये.

फसगत मात्र होते. आमचे पहिलेच नाणे ओतीव निघाले. कडेला साच्याची पुसट रेघ होती, पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक भोके होती आणि अक्षरे साबणासारखी गुळगुळीत. विकणाऱ्याने शपथ घेतली होती! तेव्हापासून तराजू आणि भिंग जवळ असल्यावाचून आम्ही खिशात हात घालीत नाही. नाणे चिंच-राखेने घासून लख्ख करू नये. शेतात हंडा सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरास कळवावे; तो गुपचूप सराफाच्या मुशीत गेला तर चांदीचा भाव मिळतो, इतिहास मिळत नाही. आणि विकत घेण्याआधी अंजनेरीस १९८० साली स्थापन झालेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेत जाऊन खरी नाणी डोळे भरून पाहावीत.

आता डोंगराकडे वळू. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण ठेव ठेवली, ती कोणाकडे? राजाच्या खजिन्यात नव्हे, तर गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. एकीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे उपभोगावयाचे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी, असा ठराव आहे.

हिशेबाची सवय असल्यामुळे आम्ही तेथेच उभे राहून गुणाकार केला. २,००० चे वर्षाचे व्याज २४०. वीस भिक्षूंचे बारा-बाराप्रमाणे २४०. पैचा फरक नाही. मागावर बसणाऱ्या माणसांच्या संघटनेवर राजाचा जावई कायमची रक्कम सोपवितो, आणि हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविला जातो. संघटनेचा पैसा सांभाळण्यात आमची उमर गेली. वर्गणीच्या पावतीवरून किती रात्री भांडणे झाली ते आम्हांस ठाऊक! त्या श्रेणींच्या प्रमुखांची नावे लेखात नाहीत.

लेखातील कार्षापण म्हणजे नहपानाचीच चांदीची नाणी, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर जोगलटेंभीच्या हंड्यातील एखादे नाणे गोवर्धनाच्या विणकराच्या हातून गेलेले असणे अशक्य नाही. त्यावर कोणत्या राजाचा ठसा वर होता, याची त्याने फारशी फिकीर केली असेल असे आम्हांस वाटत नाही. वजन मात्र त्याने पाहिले असेल.