गर्दीपूर्वीची गर्दी : संकेतस्थळांची भारचाचणी

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा दहावीचा निकाल १६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता ऑनलाइन जाहीर झाला आणि पाहता पाहता निकालाची संकेतस्थळे कोलमडली. महासाथीमुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर आधारलेला निकाल ९९.९५ टक्के लागला होता. तरीही सुमारे १६ लाख विद्यार्थी आणि त्यांचे पालक गुण पाहण्यासाठी कित्येक तास ताटकळले. दिवस ठाऊक, वेळ ठाऊक, येणाऱ्यांची संख्याही ठाऊक. गर्दीचा इतका नेमका अंदाज क्वचितच कोणाला मिळतो. अशा गर्दीत संकेतस्थळ तग धरील काय, हे ती येण्यापूर्वी कृत्रिम गर्दी करून पाहणे म्हणजे भारचाचणी.

यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर असते. ‘अपाची जेमीटर’ हे १९९८ पासून उपलब्ध असलेले मुक्त साधन त्यांत सर्वांत परिचित. ते हजारो आभासी वापरकर्ते निर्माण करते. हे वापरकर्ते खऱ्या माणसांप्रमाणे पान उघडतात, आसन क्रमांक भरतात, उत्तराची वाट पाहतात. अपेक्षित गर्दीएवढा भार टाकला तर ती भारचाचणी. यंत्रणा मोडेपर्यंत भार वाढवत नेला तर ताणचाचणी. निकालासारख्या प्रसंगी मात्र शून्यावरून एकदम शिखर गाठणारी चाचणी हवी. भार तासाभरात हळूहळू वाढवून मिळवलेले प्रमाणपत्र येथे फारसे कामाचे नाही.

यामागील गणित साधे आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, यंत्रणेत एका वेळी असलेल्यांची संख्या म्हणजे दर सेकंदाला येणारे गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. समजा, ९ लाख विद्यार्थी दहा मिनिटांत आले, तर दर सेकंदाला १५०० विनंत्या होतात. प्रत्येक विनंती ०.२ सेकंदात निकाली निघाली, तर एका वेळी सर्व्हरवर ३०० जण असतात. तीच विनंती चार सेकंद रेंगाळली की ६००० होतात. त्यात अधीर पालक पान पुन्हा पुन्हा ताजे करतात, म्हणजे प्रत्येक माणसामागे चार-पाच विनंत्या. मंदावलेले संकेतस्थळ स्वतःच आपली गर्दी वाढवते ते असे.

चाचणी फसवीही असू शकते. एकच आसन क्रमांक लाखदा विचारला, तर उत्तर तात्पुरत्या साठ्यातून झटपट येते, माहितीसाठ्यावर ताण पडतच नाही आणि आकडे सुरेख दिसतात. सरासरीही अशीच लबाड. शंभरातील पंचाण्णव जणांना एका सेकंदात आणि पाच जणांना अर्ध्या मिनिटाने उत्तर मिळाले, तर सरासरी अडीच सेकंदांच्या आतच भरते. म्हणून जाणते अभियंते पंचाण्णवाव्या किंवा नव्व्याण्णवाव्या शतमकाचा आकडा मागतात.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. आभासी वापरकर्ते बहुधा वेगवान जाळ्यावर बसलेले असतात. खरा वापरकर्ता जोयडा तालुक्यातील रामनगरात असू शकतो. अनमोड घाट चढून बेळगावकडे जाणाऱ्या गोमंतकीयांच्या ओळखीचे हे गाव सुपा धरणाच्या विस्थापितांच्या पुनर्वसनातून वाढले. अशा जंगलपट्ट्यात मोबाईलचा संकेत क्षीण झाला की साधे पानही उतरायला वेळ घेते आणि तोवर सर्व्हरची एक जोडणी अडकून राहते. मंद जाळ्यावरचे हजारो वापरकर्ते वेगवान जाळ्यावरील तेवढ्याच वापरकर्त्यांपेक्षा जड पडतात. चाचणीत काही वापरकर्त्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवता येतो. तो ठेवायला हवा.

त्याच रामनगरकराने लोंढ्याहून सुटण्यासाठी तत्काळ तिकीट काढायचे ठरवले, तर प्रश्नाचे स्वरूप पालटते. वातानुकूलित वर्गाची तत्काळ विक्री सकाळी दहाला, इतर वर्गांची अकराला सुरू होते. निकाल फक्त वाचायचा असतो, त्याच्या हव्या तेवढ्या प्रती ठेवता येतात. बर्थ मात्र एकालाच विकायचा असतो, त्यामुळे प्रत्येक आरक्षणाला माहितीसाठ्यात क्षणभर कुलूप लावावे लागते आणि रांग तेथेच लागते. रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने २०१४ मध्ये नवी ई-तिकीट प्रणाली आणली, तेव्हा मिनिटाला २००० ऐवजी ७२०० तिकिटांची क्षमता जाहीर झाली. तरी सणासुदीला बर्थ मोजकेच राहतात. ‘तिकीट संपले’ हे उत्तर तत्परतेने देणे एवढेच प्रणालीच्या हाती असते.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालेल्या सरकारी आरोग्यविम्याच्या संकेतस्थळावर पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. चाचणी झालीच नव्हती असे नाही. काही दिवस आधीच्या चाचणीत काहीशे आभासी वापरकर्त्यांनीच यंत्रणा आडवी झाली होती. उद्घाटनाची तारीख मात्र बदलली नाही.

निकालापुरते बोलायचे, तर उपाय आवाक्यातले आहेत. गुणपत्रिका आधीच तयार करून स्थिर पानांच्या रूपात अनेक सर्व्हरांवर पसरवता येतात. डिजिलॉकरसारख्या दुसऱ्या वाटेनेही निकाल दिला की भार विभागतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर क्रमांक देऊन थांबवणारी प्रतीक्षा-रांग लावता येते. चाचणीही निकालाच्या आदल्या दिवशी करून चालत नाही. दोष सापडला तर दुरुस्त करून पुन्हा तपासण्याइतके दिवस हाती असावे लागतात.