कंपनी-कायद्याच्या उच्च शिक्षणाचा उंबरठा

१ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस दरबार भरला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यांत आलें, आणि त्याच दिवशीं नागपुरांत जमशेटजी टाटा यांची कापडाची गिरणी सुरू झाली. म्हणून तिला ‘एम्प्रेस मिल’ हें नांव पडलें व तें लहानथोरांच्या तोंडीं बसलें. परंतु ती गिरणी जिच्या मालकीची होती तिचें नांव फारच थोड्या नागपूरकरांना ठाऊक असेल. ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ असें तें लांबलचक नांव. स्थापना १८७४ सालीं मुंबईस, भांडवल १५ लाख रुपये. ही मालकीण हाडामांसाची नव्हती. ती जेवत नव्हती, आजारी पडत नव्हती, भागधारक वारले तरी तिला सुतक नव्हतें. मात्र तिला जमीन घेतां येत होती, कर्ज काढतां येत होतें आणि कोर्टांत फिर्यादहि लावतां येत होती. कायद्यानें जन्मास घातलेल्या अशा व्यक्तीचें पालनपोषण, वर्तन आणि अखेरची क्रिया यांचे नियम म्हणजे कंपनी-कायदा.

हा कायदा हिंदुस्थानांत प्रथम १८५० सालीं झाला. कंपनी बुडाली तरी भागधारकानें घरदार विकून तिचें देणें फेडावयास नको, त्याचें नुकसान त्यानें घेतलेल्या भागाच्या रकमेपुरतेंच, ही सवलत १८५७ च्या कायद्यानें आली. पेढ्यांना ती १८६० सालीं मिळाली. तिचा अतिरेक कसा होतो हें मुंबईनें लौकरच पाहिलें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें इकडील कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशाच्या जोरावर पावसाळ्यांतील छत्र्यांप्रमाणें कंपन्या उगवल्या, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच भलेभले व्यापारी धुळीस मिळाले. १८६६ सालीं अधिक सविस्तर कायदा आला. एम्प्रेस मिलची कंपनी जन्मली ती याच कायद्याच्या अमलांत.

नागपूरला कंपनी आली, पण तिचा कायदा रीतसर शिकविणारें कायदे-महाविद्यालय यावयास आणखी जवळजवळ अर्धें शतक लागलें. जमशेटजींना अशा उणिवांची फारशी धास्ती नव्हती. गिरणीचा कारभार ज्यांच्या हातीं त्यांनीं दिला ते बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या नोकरींतून आलेले होते. सुताच्या धंद्याचा त्यांस अनुभव नव्हता, आणि तरीहि त्यांनीं ती गिरणी नांवारूपास आणली. धंद्याला माणूस पारखून घेतां येतो. वकिलीला तसें चालत नाहीं. तेथें परीक्षा, सनद आणि नांवनोंदणी यांचे दरवाजे ओलांडूनच आंत जावें लागतें.

ते दरवाजे त्या काळीं एकाच उंचीचे नव्हते. १८७९ च्या कायद्यांत वकील, प्लीडर आणि मुखत्यार अशा निरनिराळ्या पायऱ्या होत्या व प्रत्येकीची पात्रता वेगळी होती. ज्यांस विद्यापीठाची पदवी साधत नसे ते प्लीडरची परीक्षा देत. पुण्यास लोकमान्य टिळक कायद्याचा जो वर्ग चालवीत असत तो अशाच उमेदवारांच्या उपयोगीं पडे. ज्याला एल्एल्. बी. व्हावयाचें त्यानें मुंबईसारख्या ठिकाणीं जावें. मुंबईचें सरकारी कायदे-विद्यालय १८५५ सालचें. आणि ज्याच्या घरीं पैसा असेल त्यानें लंडन गांठावें. तेथील बॅरिस्टरांच्या संस्थांत परीक्षेइतकेंच महत्त्व ठराविक दिवशीं भोजनास हजर राहण्यालाहि होतें! सागरचे हरिसिंग गौर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांत शिकून केंब्रिजला गेले व बॅरिस्टर होऊन परतले. पुढें मालमत्तेच्या हस्तांतरावरील त्यांचा ग्रंथ वकिलांच्या टेबलावर कायमचा येऊन बसला. पण अशीं उदाहरणें थोडीं.

पैशाची अट नियमांच्या पुस्तकांत कोठेंहि लिहिलेली नव्हती, तरी तीच सर्वांत कडक होती. भीमराव आंबेडकर १९१६ सालीं लंडनच्या ग्रेज् इनमध्यें दाखल झाले. अमेरिकेंतील शिक्षण पदरीं असतांहि शिष्यवृत्तीची मुदत संपतांच १९१७ सालीं त्यांना परत यावें लागलें. नोकरी करून, पैसे जमवून ते १९२० सालीं पुन्हा विलायतेस गेले, तेव्हां कोठें पुढें बॅरिस्टरीची सनद हातीं आली. त्यांच्या बुद्धीविषयीं कोणाला शंका नव्हती. अडलें तें पैशापाशीं.

याहून विलक्षण अट स्त्रियांच्या वाट्यास आली. नाशिकला १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजांत शिकल्या, आणि १८९२ सालीं ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उतरल्या. ऑक्सफर्डनें परीक्षा घेतली, पण पदवी दिली नाहीं; ती ३० वर्षांनीं मिळाली. त्यांनीं १८९७ सालीं मुंबईची एल्एल्. बी. केली, १८९९ सालीं अलाहाबाद हायकोर्टाची प्लीडरची परीक्षा दिली, तरीहि वकिलांच्या यादींत नांव लागेना. १९१६ सालीं कलकत्ता हायकोर्टापुढें रेजिना गुहा यांचा अर्ज आला, तेव्हां न्यायमूर्तींनीं निकाल दिला कीं वकिलांच्या कायद्यांतील ‘व्यक्ति’ या शब्दांत स्त्री येत नाहीं. पांच वर्षांनीं पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांच्या अर्जाचीहि तीच गत झाली. याच देशाच्या १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा-कायद्यांत ‘व्यक्ति’ या शब्दांत कंपनी येते असें स्पष्ट लिहिलेलें होतें! नागपूरच्या गिरणीची कंपनी व्यक्ति होती; तिच्या बाजूनें कोर्टांत उभी राहूं पाहणारी पदवीधर बाई मात्र व्यक्ति नव्हती. गौरांनीं हा प्रश्न मध्यवर्ती कायदेमंडळांत लावून धरला, आणि १९२३ च्या कायद्यानें ही अडचण अखेर दूर झाली.

तेंच वर्ष नागपूर विद्यापीठाच्या जन्माचें. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं ६ महाविद्यालयें आणि ९२७ विद्यार्थी एवढ्या संसारावर तें उभें राहिलें. तोंवर येथील महाविद्यालयें आधीं कलकत्त्याच्या व नंतर अलाहाबादच्या विद्यापीठाला जोडलेलीं होतीं. पहिले कुलगुरु सर बिपिन कृष्ण बोस हे स्वतः वकील. तेव्हां १९२५ सालीं विद्यापीठाचें कायदे-महाविद्यालय निघालें यांत आश्चर्य नाहीं. १९३६ च्या जानेवारींत नागपूरला स्वतंत्र हायकोर्ट मिळालें व या विद्येस तिचें देऊळहि लाभलें. पुढें भारताचे सरन्यायाधीश झालेले महंमद हिदायतुल्ला १९३५ ते १९४३ पर्यंत याच महाविद्यालयांत शिकवीत असत. आज त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव आहे.

१९२५ साल आणखी एका गोष्टीसाठीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याच वर्षीं आंबेडकर मुंबईस बाटलीबॉय यांच्या हिशेबनिसांच्या शिक्षणसंस्थेंत व्यापारी कायदा शिकवूं लागले, आणि १९२८ पर्यंत त्यांनीं तें काम केलें. हिशेबनिसाला कायदा आला पाहिजे हें त्या काळींहि व्यापारी लोक जाणून होते. कायदेपंडिताला ताळेबंद वाचतां आला पाहिजे, अशी अट मात्र कायद्याच्या शाळांनीं फारशी घातलेली दिसत नाहीं. ती उणीव अजूनहि भरून निघालेली नाहीं.

नागपूरच्या दरवाजाची एक हकीकत येथें सांगितलीच पाहिजे. १९३८ सालीं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानें ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकलें. इतरत्र दारें बंद होत असतां नागपूर विद्यापीठानें त्यांना आंत घेतलें. तेव्हां कुलगुरु होते टी. जे. केदार. त्या मुलांत पी. व्ही. नरसिंह राव नांवाचा एक तरुण होता. पुढें तो नागपूरचाच कायद्याचा पदवीधर झाला. मराठी त्याला इतकी चांगली येत असे कीं हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ त्यानें तेलुगूंत नेली. हाच तरुण १९९१ सालीं देशाचा पंतप्रधान झाला, आणि २४ जुलै १९९१ रोजीं त्याच्या सरकारनें जें औद्योगिक धोरण जाहीर केलें त्यानें बहुतेक धंद्यांवरील परवान्याचें बंधन उठलें.

त्या दिवसापर्यंत कंपनी-कायदा हा अभ्यासक्रमांतील एक रुक्ष विषय होता. १९१३ चा कायदा जाऊन १९५६ चा आला, त्याचीं ६५८ कलमें. विद्यार्थी तीं पाठ करीत व परीक्षेनंतर विसरत. परवाने गेले, परकी भांडवल आलें, कंपन्या एकमेकींना गिळूं लागल्या, आणि या रुक्ष विषयाला एकाएकीं बाजारभाव आला. २०१३ सालीं ४७० कलमांचा नवा कायदा झाला, २०१६ सालीं दिवाळखोरीची संहिता आली, आणि केवळ एल्एल्. बी. वर भागत नाहीं असें हुषार मुलांना वाटूं लागलें.

मग एल्एल्. एम्. ला जावयाचें तर काय लागतें? मोठमोठ्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांची संयुक्त परीक्षा म्हणजे ‘क्लॅट’. ती २००८ पासून होत आहे. तिच्या पदव्युत्तर परीक्षेला बसण्यास कायद्याची पदवी हवी, मग ती बारावीनंतरच्या पांच वर्षांची असो वा पदवीनंतरच्या तीन वर्षांची. त्या पदवींत शेंकडा ५० गुण हवेत. अनुसूचित जाति-जमातींच्या व अपंग उमेदवारांना ४५ पुरेत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाहि बसतां येतें, आणि वयाची कमाल मर्यादा नाहीं. अलीकडच्या वर्षांत दोन तासांत १२० प्रश्न असतात व चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण वजा होतो. प्रश्नांत राज्यघटनेचा मान पहिला. कंपनी-कायदा इतर विषयांच्या रांगेंत बसतो. विशेष म्हणजे कंपनी-कायद्याचा खास अभ्यास करूं इच्छिणाऱ्यास या परीक्षेंत वेगळी अशी अट नाहीं. वाणिज्यशाखेची पदवी नको, हिशेबाचें ज्ञान नको. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१२ सालीं एक वर्षाच्या एल्एल्. एम्. ची जी योजना आंखली तींत कंपनी व व्यापारी कायदा हा विशेष अभ्यासाचा एक गट आहे. विद्यार्थी दाराच्या आंत गेल्यावर तो गट निवडतो.

शेंकडा ५० ही अट कोणालाहि सोपीच वाटेल. पण ती केवळ ओसरीपर्यंत नेते. माजघरांत प्रवेश मिळतो तो परीक्षेंतील क्रमांकावर. परीक्षा इंग्रजींत. यवतमाळ-गडचिरोलीकडील मुलगा बारावीपर्यंत मराठींत शिकला असेल तर १२० मिनिटांत इंग्रजी उतारे वाचून उत्तरें देणें हीच त्याची खरी कसोटी ठरते. शिवाय हा अभ्यासक्रम पूर्ण वेळेचा. दिवसा कोर्टांत उमेदवारी करून घरीं चार पैसे पाठविणाऱ्या तरुण वकिलाला तो कसा साधावा? १९१७ सालीं जें आंबेडकरांना अडलें तेंच, जरा निराळ्या वेषांत, येथेंहि उभें आहे. विलायतेची वाट मात्र आतां धरावी लागत नाहीं. नागपूरजवळ वारंगा येथें महाराष्ट्राचें राष्ट्रीय विधि विद्यापीठ आहे. २०१४ च्या कायद्यानें त्याची तरतूद झाली, २०१६ पासून तें चालूं लागलें, आणि तेथील एल्एल्. एम्. चा प्रवेश याच संयुक्त परीक्षेनें होतो.

एम्प्रेस मिलचे भोंगे कधींच बंद पडले. कंपन्यांचे वाद ऐकणारें राष्ट्रीय न्यायाधिकरण १ जून २०१६ पासून काम करीत आहे. परंतु त्याचें महाराष्ट्रासाठींचें खंडपीठ मुंबईस बसतें. नागपूरच्या कारखान्यानें पैसे थकविले आणि धनकोला त्याच्या दिवाळखोरीचा अर्ज करावयाचा झाला, तर तो दाखल होतो तो मुंबईच्या खंडपीठापुढें.