रुखवताच्या तबकापासून केकच्या खोक्यापर्यंत

स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा आमच्या घरच्या मंडळींना हसू आवरेना. केक करणाऱ्या बाईने इतिहास तो कसला लिहावयाचा! परंतु गेली काही वर्षे लासलगावात घरच्या घरी मागणीप्रमाणे केक करून देत असताना एक प्रश्न मला वारंवार पडत आला आहे, आणि त्याचा विचार करू लागले की थोडेबहुत मागे जावेच लागते. प्रश्न साधा आहे. पदार्थ करणारीचे काम संपते कोठे? पदार्थ तयार होऊन तिच्या ओट्यावर बसला तेथे, की खाणाऱ्याच्या पुढे तो धड पोहोचला तेथे?

पाकशास्त्राच्या पुस्तकांत जिन्नस असतात, मापे असतात, आच किती ठेवावी तेही असते. पण झालेला पदार्थ परगावी न्यावयाचा तर कसा न्यावा, याबद्दल बहुधा अवाक्षर नसते. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांना ही विवंचना नव्हती असे मात्र कोणी समजू नये. त्यांनी ती आपल्या परीने सोडविली होती.

आपल्या नाशिक-खानदेशाकडचे खापरावरचे मांडेच पाहा. दोन्ही हातांवर तोलून वाढविलेला पुरणाचा मांडा पालथ्या खापरावर टाकावयाचा आणि उतरविताच, गरम आहे तोवर, त्याची घडी घालावयाची. असला पदार्थ एका गावाहून दुसऱ्या गावी वाहून नेण्याच्या भरीला कोण पडणार? मांडे करणाऱ्या बायकांनाच कार्यघरी बोलावीत. चूल तेथे, खापर तेथे आणि पंगतही तेथेच. पदार्थाने प्रवास करावयाचा नाही, करणारीने करावयाचा, असा तो तोडगा होता.

रुखवताची गोष्ट वेगळी. ते न्यावेच लागे. करंज्या, अनारसे, चिरोटे, साटोऱ्या, नाना तऱ्हेचे लाडू, शिवाय साखरेची आणि हलव्याची कलाकुसर. हे सारे मुलीच्या घरी तयार व्हावयाचे आणि मांडले जावयाचे विहिणीच्या डोळ्यांपुढे. एक जरी करंजी फुटलेली निघाली तरी ती कोणाच्या नजरेतून सुटत नसे. तेव्हा घडणीतच प्रवासाचा विचार असे. करंजीला मोहन बेताचे घालावे म्हणतात, त्याचे कारण तुपाची काटकसर एवढेच नव्हे. मोहन जास्त झाले की करंजी खुसखुशीत होते खरी, पण डब्यातल्या डब्यात तिचा चुरा होतो. लग्नाच्या करंजीची पारी घरच्या फराळाच्या करंजीहून अंमळ जाड लाटणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आणि मुख्य म्हणजे तबक नेणारी बाई करणारीच्याच घरातली असे. तळणीपुढे जी रात्रभर बसली तीच, नाही तर तिची जाऊ किंवा नणंद, वर विणलेला रुमाल घालून ते तबक दोन्ही हातांनी धरून चाले. ज्या हातांना पदार्थाचे कष्ट ठाऊक, तेच हात तो वाहून नेत. कोणाला सांगावे लागत नसे की बाई, जपून.

आता केकाकडे वळू. केक म्हटला की आपल्याला वाटते, हा जन्माचाच नाजूक. इतिहास पाहता तसे दिसत नाही. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या १८४० सालच्या विवाहाचा केक सुमारे ३०० पौंडांचा होता. त्या काळचे हे केक सुक्या मेव्याने ठासून भरलेले, आणि वर अंड्याच्या पांढऱ्या बलकात घोटलेल्या साखरेचा लेप. तो वाळला म्हणजे भिंतीच्या गिलाव्यासारखा टणक होई. हे केक महिनोन् महिने टिकत, आणि लग्नाला न आलेल्या आप्तांना त्याचे तुकडे डबीत घालून टपालाने पाठवीत. मजल्यांचा डौल त्यानंतर आला. व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, १८५८ साली, केकचा खालचा भाग तेवढा खरा होता आणि वरचे मजले निव्वळ साखरेचे होते! राणीचा मुलगा लिओपोल्ड याच्या १८८२ सालच्या लग्नात सगळे मजले खाण्याजोगे झाले. पुढे १९४७ साली राजकन्या एलिझाबेथ हिचे लग्न झाले तेव्हा इंग्लंडात शिधावाटप चालू होते. त्या केकचे जिन्नस ऑस्ट्रेलियातील गर्ल गाइड्स मुलींनी पाठविले म्हणून त्याला ‘दहा हजार मैलांचा केक’ असे नाव पडले. उंची नऊ फूट, वजन ५०० पौंड. पाहा, दहा हजार मैल आले ते पीठ, साखर आणि सुका मेवा. तयार केक नव्हे. शहाणपणाची गोष्ट आहे.

आपल्या देशात केकची पहिली हकीकत सांगतात ती केरळातल्या तलश्शेरीची. तेथे बिस्किटे करणारे माम्बळ्ळी बापू यांच्याकडे मर्डॉक ब्राऊन नावाच्या मळेवाल्या साहेबाने १८८३ साली विलायतेहून आणलेला केक नमुना म्हणून दिला आणि तसा करून मागितला. बापूंनी तो केला आणि साहेब खूश झाला. यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग निराळाच आहे. विलायतेहून समुद्रमार्गे निघालेला केक मलबारपर्यंत नमुना म्हणून दाखविण्याजोगा राहिला होता. आजचा माझा केक असा पहिल्या बंदरापर्यंतही जाणार नाही.

महाराष्ट्रात केक आणला मुख्यतः इराण्यांच्या बेकऱ्यांनी. मुंबईस ग्रँट रोड स्टेशनाजवळची मेरवान १९१४ सालची, तर पुण्याची कयानी १९५५ सालची. मेरवानचा मावा केक कागदाच्या वाटीत भाजलेला, वर ना लेप ना फुले. असला केक पिशवीत घालून, गर्दीच्या डब्यात मांडीवर ठेवून आणला तरी त्याचे काही बिघडत नाही. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ साली पुरा झाला आणि मुंबई आपल्या बाजूस जोडली गेली. तेव्हापासून मुंबईहून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत काहीतरी खाऊ असतोच, आणि त्यात केव्हातरी हा केकही येऊन बसला. ज्यांनी मुंबईचा केक प्रथम असा खाल्ला, त्यांच्या मनात केक म्हणजे पावासारखी धट्टीकट्टी वस्तू, अशी समजूत राहिली असेल तर नवल नाही. आमच्या ओळखीतल्या वयस्क बायका जुन्या दिवसांत पातेल्यात वाळू तापवून त्यावर डबा ठेवून केक करीत, तोही असाच. काप करा, डब्यात भरा, मुलांना द्या.

नाजूकपणा आला तो क्रीमबरोबर. अमेरिकेत बफेलो शहरी रॉबर्ट रिच नावाच्या दूधधंद्यातल्या गृहस्थाने १९४५ साली सोयाबीनपासून घुसळून फुगणारे क्रीम तयार केले. त्याची एक मौजेची कथा त्या कंपनीत सांगतात. नमुना रेल्वेने न्यावयाचा म्हणून कोरड्या बर्फात बांधला, तो वाटेत गोठून दगड झाला. रिचसाहेब हवालदिल. परंतु तसाच फोडून घुसळला तर पूर्वीपेक्षाही छान फुगला! म्हणजे या क्रीमचे भाग्य उजळले तेच मुळी वाहतुकीतल्या अपघाताने. आज गावोगावच्या घरगुती केकवर बहुतेक याच जातीचे, दुधाऐवजी वनस्पती तेलाचे क्रीम असते. ते खऱ्या सायीपेक्षा बराच तग धरते. पण बराच म्हणजे किती? लासलगावच्या वैशाखात, चाळिशीच्या घरातल्या उन्हात, बंद खोक्यात ते फार वेळ आपला आकार सांभाळीत नाही. आत पोळीसारखे थर, थरांमध्ये क्रीम, त्यामुळे धक्का बसला की वरचा थर सरकतो. मार्गशीर्षातली लग्ने त्या मानाने सुखाची. निफाडची थंडी तेवढी आमच्या बाजूची.

खोक्यालाही इतिहास आहे. वळ्या पाडलेल्या कागदाचे पेटंट इंग्लंडात १८५६ साली निघाले ते पुरुषांच्या उंच टोप्यांच्या अस्तरासाठी. पुढे १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स याने तो बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यास वापरला. केकच्या पातळ पुठ्ठ्याच्या खोक्यात ही ताकद नसते. ते खोके धूळ आणि माशी यांपासून राखते, आडवे होण्यापासून नव्हे. गिऱ्हाईकास मात्र वाटते, खोक्यात बसला म्हणजे सुखरूप झाला.

याहून विशेष म्हणजे, माल कसा न्यावा हे लासलगावाला शिकवावयास नको. येथील बाजार समिती १९४७ सालची, आणि कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग आपण रोज पाहतो. कांदा मोकळा ओतला तरी चालतो. पण आपल्याच निफाड तालुक्यातली द्राक्षे? ती पहाटे तोडतात, क्रेटमध्ये कागद अंथरतात, घडावर घड दाबू देत नाहीत, देठाला धरून उचलतात. आपल्या गावात भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू केले. २००७ साली अमेरिकेस जो हापूस पुन्हा जाऊ लागला तो येथून किरणे घेऊन. तो आंबाही पेटीतून बाहेर न काढता, पेटीसकट किरणांतून जातो. ज्या गावात हे सारे चालते त्या गावचा मनुष्य केकचे खोके घेताना मात्र पिशवी मागतो आणि ती मोटरसायकलच्या हँडलला अडकवितो!

एका वैशाखात विंचूरच्या एका गृहस्थांनी मुलीच्या वाढदिवसासाठी दोन किलोंचा केक सांगितला होता. वर मोर, त्याचा पिसारा क्रीमचा. अर्धा दिवस त्यातच गेला. गृहस्थ एकटेच मोटरसायकलवर आले. मी म्हटले, “दादा, मागे कोणी बसणारे घेऊन या, किंवा रिक्षा करा.” ते म्हणाले, “ताई, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे.” सायंकाळी दूरध्वनी आला, केक कच्चा होता म्हणून. खोके उघडताच काढलेले छायाचित्र त्यांच्या नातलगांच्या मोबाईलवर फिरले होते. मोराचे तोंड एका भिंतीला, पिसारा दुसऱ्या भिंतीला, आणि खोक्यावर माझ्या नावाची चिठ्ठी मात्र ठसठशीत. त्या घराण्यातून पुढे ठरलेली दोन कामे आली नाहीत. गृहस्थ स्वतः द्राक्षबागाईतदार होते. क्रेट आपटणाऱ्या मजुराला ते काय बोलतात, याची मी कल्पना करू शकते.

येथेच रुखवताची आठवण होते. तेव्हा नाव जाई ते मुलीच्या घराचे आणि तबकही त्याच घराच्या हातात असे. आता खोके एकाच्या हातात आणि नाव दुसरीचे. दुकानदाराला हे सोसते, त्याला गल्ला आहे, पाटी आहे. घरातून काम करणाऱ्या बाईची पाटी म्हणजे तिचे नाव, आणि ते एका छायाचित्राने पुसले जाते.

कायद्याचे म्हणाल तर तो स्पष्ट आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या २६ व्या कलमाप्रमाणे, निराळा करार नसेल तर मालाची मालकी ज्याच्याकडे गेली त्याच्याकडे जोखीमही गेली. आपल्या बाजारपेठेतल्या मंडळींना हे पाठ आहे. ट्रकच्या बिल्टीवर ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले त्यांनी शेकडो वेळा पाहिले आहे. पण केक काही बिल्टीवर जात नाही, आणि शेजारणीच्या भावाशी कलम २६ काढून कोण भांडणार?

मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण मला अधिक पटते. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली हा उद्योग उभा केला. त्यांनी ओळखले की घरचे जेवण नेणे हे स्वतंत्र काम आहे, त्याची निराळी शिस्त आहे आणि त्याचे निराळे पैसे आहेत. आपण बायका नेमके हेच विसरतो. केकचे पैसे सांगतो, नेण्याचे बोलतच नाही, आणि मग ते काम फुकटात ज्याच्या वाट्याला येते तो ते फुकटासारखेच करतो.

म्हणून मी दोन वर्षांपासून माझ्यापुरता रिवाज बदलला आहे. मजल्यांचा केक मी गिऱ्हाईकाच्या हाती देतच नाही. मजले सुटे नेते आणि कार्यालयात जागेवर रचते, म्हणजे मांडे करणारीसारखी मीच जाते, आणि जाण्यायेण्याचे भाडे व माझ्या वेळाचे पैसे आधी सांगते. लहान केक नेणाऱ्यास खोके उघडून दाखविते आणि त्याच्याच मोबाईलवर छायाचित्र घ्यावयास लावते. गाडीत मांडीवर धरू नका, मांडी उतरती असते. पायाशी सपाट जागेवर ठेवा, उन्हात गाडी उभी करू नका, एवढे लिहिलेली चिठ्ठी देते. मोटरसायकलवर एकटा आलेल्यास मी केक देत नाही. त्यास बसावयास सांगते, चहा देते आणि कोणाला तरी बोलावून घ्या म्हणते. दोघेतिघे रागावले, एक तर चहा न घेताच गेले आणि भावजयीला घेऊन परत आले.

मंडळाच्या बैठकीत हा विषय मी काढला तेव्हा काही भगिनींचे म्हणणे पडले की अशा अटी घातल्या तर गिऱ्हाईक नाशिकला जाईल. जाईल कदाचित. पण नाशिकचा केकही लासलगावापर्यंत कोणीतरी आणावाच लागेल, आणि तो रस्ता विंचूरहून पुष्कळ लांब आहे. मंडळाने थंड राहणारी एक मोठी पेटी विकत घ्यावी आणि केक, श्रीखंड, आइस्क्रीम करणाऱ्या सभासदांनी ती पाळीपाळीने वापरावी, अशी माझी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. चिठ्ठीचा मसुदा चिटणीसबाईंकडे दिला आहे. ज्यांना हवा त्यांनी तो उतरवून घ्यावा आणि खाली आपले नाव घालावे.