कल्हई गेली कुठे?

आजीचे पितळी पातेले तुमच्या बैठकीच्या खोलीत कुंडी होऊन बसले असेल, तर या दिवाळीत त्याच्या आत डोकावून पाहा. पिवळ्या धातूवर कुठेतरी रुपेरी-राखाडी थर उरलेला दिसेल. तीच कल्हई.

आमटीत चिंच, कढीत ताक, सोलकढीत आमसूल! आपल्या स्वयंपाकाला आंबट हवेच. पण असा पदार्थ उघड्या तांब्या-पितळेत राहिला की तांबे त्यात उतरते. चव बिघडते आणि पोटही. त्यासाठी मराठीत खास क्रियापदच आहे: पदार्थ 'कळकतो'.

त्यावर उपाय कल्हईवाल्याचा. तो अंगणात खड्डा करून भाता लावी, घासलेले भांडे निखाऱ्यांवर तापवी आणि नवसागर टाकी. पांढरा धूर उठे. तापल्या नवसागरातून निघालेले आम्ल धातूवरची पुटे काढून टाकी. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळते. कापसाच्या बोळ्याने ते फिरवले की भांडे क्षणात चकाके, आणि पाण्यात बुडवताच 'चर्र' आवाज होई. थर अगदी पातळ, म्हणून वापराने झिजे आणि कल्हईवाल्याची वाट पुन्हा पाहावी लागे.

ही युक्ती केवळ आपली नव्हे. कथलाला अरबीत 'कलई' म्हणतात. आपला शब्द तिकडचा. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे की अशा मुलाम्याने अन्न रुचकर लागते, जंगाल चढत नाही, आणि नवल म्हणजे भांड्याचे वजन वाढत नाही. लंडनच्या बर्मंडसी भागात 1813 मध्ये ब्रायन डॉन्किनच्या कारखान्यात कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी डब्यांत अन्न भरले जाऊ लागले. मुलांनो, बीन्सच्या डब्याला तुम्ही 'टिन' म्हणता ते त्यामुळेच!

1913 साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद बनवले. स्टीलमधल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन अदृश्य थर तयार होतो. ओरखडा पडला तर तो आपोआप भरून येतो. म्हणजे स्टील स्वतःच स्वतःला कल्हई करते! पुढे स्टील आपल्या घराघरांत आले आणि कल्हईवाल्याची हाक विरत गेली.

आजीच्या पातेल्यात पुन्हा आमटी उकळावी असे वाटले, तर आधी कल्हई करून घ्या. तांब्याच्या भांड्यांना 'री-टिनिंग' करून देणारे कारागीर ब्रिटनमध्येही आहेत. कथील शुद्ध, शिसे नसलेले आहे ना, एवढे मात्र विचारा.