मित्राला मरावेच का लागते?

मुंबई-ठाण्याचे प्रत्येक नाटक यवतमाळपर्यंत पोचतेच असे नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ मीही पुस्तकातूनच वाचले. १९८१ साली विनय आपटे यांनी ते रंगमंचावर आणले आणि रोहिणी हट्टंगडी ‘मित्रा’ झाल्या. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी नाटकाची नायिका झाली, हे त्या काळी मोठेच धाडस होते.

तेंडुलकरांनी आधी ‘मित्रा’ ही कथा लिहिली होती. कथा आपण एकट्याने वाचतो, अवघड वाटली तर पुस्तक मिटतो. नाटकात तशी सोय नाही. शेजारी चार माणसे बसलेली असतात.

या नाटकातच एक नाटक आहे. कॉलेजच्या प्रयोगात सुमित्रा पुरुषाची भूमिका करते, नमा नायिकेची. तिथेच मित्राला आपले मन उमगते. बालगंधर्वांचे शालू-शेले डोक्यावर घेणाऱ्या आपल्या रंगभूमीला पुरुषाने स्त्री होणे नवे नव्हते. पण मुलगी पुरुष झाली आणि पडदा पडल्यावरही तिचे प्रेम खरेच राहिले, हे पचायला जड होते. शेवटी मित्रा जीव देते.

अमेरिकेत १९५०च्या दशकात अशा प्रेमकथांची स्वस्त पुस्तके खपत. मॅरिजेन मीकर यांच्या १९५२च्या ‘स्प्रिंग फायर’चा शेवट सुखाचा नको, असे प्रकाशकानेच बजावले होते. टपालखाते पुस्तके जप्त करील, ही धास्ती! पुढे अ‍ॅन बॅनन यांनी बीबो ब्रिंकर या नायिकेला जगवले. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये त्या कादंबऱ्यांचे नाटकही झाले.

आपल्याकडे १८६०च्या दंडविधानातील कलम ३७७ची भीती होती. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरवले. पण मित्राचा जीव कलमाने घेतला नव्हता. तो घेतला भोवतालच्या माणसांनी.

नाटकात ही गोष्ट सांगतो तिचा मित्र बापू. त्याला सारे माहीत असते, तरी तो तिला वाचवू शकत नाही. पुस्तक मिटले तेव्हा मला माझी एक वर्गमैत्रीण आठवली. तिचे लग्न ठरले तेव्हा ती वर्गात कोणाशीच बोलेनाशी झाली होती. काय झाले, हे मी तिला विचारले नाही. बापूने निदान विचारले तरी होते.