पंचकातला परका

भाद्रपदात पाऊस उघडला की रात्री पूर्वेला पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन वर येतो. जुन्या माणसांना तो ठाऊक असतो. त्याच्या वायव्य कोपऱ्याबाहेर काही धूसर ठिपके आहेत. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. फ्रान्समध्ये मार्सेच्या वेधशाळेतील स्तेफाँ यांनी १८७७ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. हे ठिपके म्हणजे पाच दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांची पाच बेटं. नाव पडलं ‘स्तेफाँचे पंचक’.

आता हे पाचही खरोखर शेजारी का?

याचं उत्तर प्रकाशाच्या रेषांत होतं. इंग्लंडमध्ये हगिन्स यांनी १८६४ साली एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला, तेव्हा सलग पट्टा न दिसता मोजक्या चकचकीत रेषा दिसल्या. म्हणजे तो तापून उजळलेला वायू होता. शाळेतल्या विजेच्या नळीत असतो ना, तसाच: अणूतले इलेक्ट्रॉन सुटे झालेला, आयनीभूत. वायू आपल्यापासून दूर पळत असला तर या रेषा तांबड्या बाजूला सरकतात. दीर्घिकांच्या बाबतीत जितका वेग जास्त, तितकं अंतर जास्त, असा नियम पुढे बसला.

१९६१ साली बर्बिज पतिपत्नींच्या मोजणीत घोटाळा निघाला. चौघांचा वेग सेकंदाला सुमारे सहा हजार किलोमीटर, आणि सर्वांत ठळक पाचव्या दीर्घिकेचा अवघा आठशे! पाचही शेजारी असतील तर नियमच खोटा, आणि त्यावर बेतलेली विश्वाची सगळी मापं खोटी. अमेरिकेचे आर्प वर्षानुवर्षं तसंच म्हणत राहिले. त्यांना हसू नये. प्रश्न रास्त होता.

१९७२ साली हॉलंडच्या रेडिओ दुर्बिणीला दीर्घिकांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक पट्टा सापडला. चौघांपैकी एक दीर्घिका सेकंदाला सुमारे ९०० किलोमीटर वेगानं त्या समूहात घुसते आहे. तारे इतके विरळ, की एकमेकांना न लागता निघून जातात. वायूला मात्र वाट मिळत नाही. तो आदळतो, तापतो, आयनीभूत होतो. त्या वायूच्या रेषांतही वेग निघाले ते दूरच्या चौघांचेच. पाचवीचा त्या झटापटीत हात नाही.

२०२२ साली वेब दुर्बिणीच्या छायाचित्रात त्या पाचवीतले तारे सुटे सुटे दिसले. ती सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षांवर, बाकीच्या सुमारे २९ कोटींवर. माळावरून जाणाऱ्या गाडीचा कंदील लांबच्या गावच्या दिव्यांत मिसळून दिसावा, तसंच हे झालं होतं.