खटपट्याचं खरं नाव

आज एका अशा माणसाविषयी बोलायचं आहे, ज्याचे चित्रपट सापडले तेव्हा त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

गोष्ट फ्रान्समधल्या तुलूझ शहरातली. तिथं रेमों बोर्द नावाचे गृहस्थ जुने चित्रपट गोळा करत असत. १९६४ साली त्यांनी तिथं चित्रपटांचं संग्रहालय उभं केलं. योगायोग असा, की आपल्या पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही त्याच वर्षीचं. तर साठच्या दशकात जत्रांमधून खेळ करत हिंडणाऱ्या लोकांकडून बोर्द यांच्या हाती काही जुनी रिळं आली. डब्यांवर एकच शब्द होता, ‘ब्रिकोलो’. फ्रेंच भाषेत घरातल्या घरात काहीतरी जोडत-दुरुस्त करत बसणाऱ्या माणसाशी नातं सांगणारा हा शब्द. आपण त्याला खटपट्या म्हणू.

रिळं लावून पाहिली आणि पाहणारे चकित झाले. एक सडपातळ, गंभीर चेहऱ्याचा तरुण. बोलपट येण्याआधीचा काळ, त्यामुळे तोंडातून शब्द नाही. हा तरुण कधीही न फुटणारी अंडी तयार करायच्या नादाला लागतो. त्यासाठी एक अवाढव्य यंत्र बनवतो. अंडी लपवायची म्हणून ती मोटारीच्या बॉनेटखाली ठेवतो. इंजिनाच्या उबेनं अंडी उबतात, कवच तडकतं आणि आतून बाहेर पडतात इवल्याशा फोर्ड मोटारी! पिल्लं कोंबडीच्या पंखाखाली शिरावीत, तशा त्या मोठ्या मोटारीच्या पोटाखाली जाऊन बसतात. हा चित्रपट १९२६ सालचा.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रपटात थापाड्यांचा एक क्लब आहे. जो सर्वांत मोठी थाप मारेल तो जिंकला. तिथं हा तरुण आपली कहाणी सांगतो. कशावरही कशाचंही कलम करता येईल, असं रसायन म्हणे त्याला सापडलंय. एका घरात उंदरांचा सुळसुळाट होतो, तेव्हा तो झाडाला चक्क मांजरं आणतो. फांदीवर कळी यावी तशी मांजरं फुलतात आणि टुणकन खाली उतरतात. उंदीरही कमी नाही, तो पिस्तूल घेऊन येतो!

हा ‘ब्रिकोलो’ म्हणजे अमेरिकेतला चार्ली बॉवर्स. जुनी चित्रपटविषयक नियतकालिकं चाळता चाळता त्याच्या नावाचा पत्ता लागला. आयोवा राज्यातला हा माणूस. लहानपणी आपल्याला सर्कसवाल्यांनी पळवून नेलं होतं, असं सांगितलं जाई. पण थापाड्यांवर चित्रपट काढणाऱ्याच्या अशा गोष्टी कितपत खऱ्या मानायच्या, ते तुम्हीच ठरवा. १९१० नंतरच्या दशकात तो न्यूयॉर्कमध्ये ‘मट अँड जेफ’ या जोडगोळीची व्यंगचित्रं पडद्यावर हलती करत होता. मग कॅमेऱ्यामागचा जोडीदार हॅरल्ड मुलर याला घेऊन त्यानं १९२६ ते १९२८ या काळात वीसेक छोटे विनोदी चित्रपट काढले.

आता, झाडाला मांजर येतं कसं? पडद्यावरची हालचाल हा मुळात स्थिर चित्रांचा खेळ असतो. बाहुली ठेवायची, एक चौकट टिपायची. बाहुलीचा पाय केसभर सरकवायचा, पुन्हा एक चौकट. मूकपटांच्या काळात सेकंदाला सोळा ते चोवीस चौकटी लागत. म्हणजे मिनिटाभराच्या दृश्यासाठी हजार-चौदाशे वेळा हात लावायचा, हात काढायचा, आणि तो हात एकदाही चित्रात दिसता कामा नये. आपण मिनिटभर हसतो, त्यामागे कुणाचे तरी कित्येक दिवस गेलेले असतात.

ही युक्ती आपल्याला परकी नाही बरं का. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांनी आधी एका कुंडीत वाटाणा पेरला. थोड्या थोड्या वेळानं एकेक चौकट टिपत त्या रोपाची वाढ पकडली. पडद्यावर वाटाणा बघता बघता वर आला, आणि ते पाहून एका मित्रानं ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे उभे करून दिले. पुढे काड्यापेटीतल्या काड्या नाचवून त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ही केली. ती मौज आज पाहायला मिळत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चीही थोडीच रिळं उरली आहेत, आणि ती आपल्यापर्यंत पोहोचली यात पी. के. नायर या पुण्याच्या संग्राहकाचा मोठा वाटा आहे.

बॉवर्सचं पुढं काय झालं? बोलपट आले. १९३० साली त्यानं लोखंड खाणाऱ्या पक्ष्याचा एक बोलपट केला. तो पक्षी भंगार गिळतो आणि अंडं घालतो, अंड्यातून अख्खी मोटार निघते. अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिणारा फ्रेंच कवी आंद्रे ब्रतों या चित्रपटावर खूश होता. पण कवी खूश झाल्यानं कुणाची चूल पेटत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बॉवर्सनं तेलाच्या थेंबांच्या बाहुल्या नाचवल्या. १९४६ साली तो गेला, तेव्हा फारसं कुणाला कळलंही नाही.

त्याचे चित्रपट मी पंधराएक वर्षांपूर्वी एका मित्राच्या घरी पाहिले. पोट धरून हसलो. आणि मग मला अब्बांची आठवण आली. आमचे अब्बा घड्याळं दुरुस्त करत. चौकात एक टपरी, डोळ्याला भिंग, चिमट्यात तांदळाच्या दाण्याहून लहान स्क्रू. मी शेजारी बसून काही विचारलं, की मान वर न करता म्हणायचे, “बाता नक्को कर, स्प्रिंग उडेगी.” दिवसभर केसाएवढं सरकवायचं, पाहायचं, पुन्हा सरकवायचं. संध्याकाळी घड्याळ चालू झालं की गिऱ्हाईक काट्याकडे पाही. अब्बांचा हात कुणाच्या लक्षात येत नसे. येऊ नये, हेच तर त्यांचं कसब होतं. पुढे बॅटरीची स्वस्त घड्याळं आली आणि टपरी रिकामी राहू लागली.

अब्बा गेले, तेव्हा चौकातल्या फळ्यावर निधनाची बातमी लिहायला एक मुलगा आमच्या दारात आला. लहानपणापासून रोज त्यांना सलाम करणारा. खडू हातात धरून संकोचानं म्हणाला, “दादा, चाचांचं नाव काय लिहू?” मी सांगितलं. त्यानं नीट अक्षरात लिहिलं आणि जरा विचार करून पुढं कंसात घातलं, ‘घड्याळवाले चाचा’. कंस नसता, तर गावाला कोण गेलं ते कळलंच नसतं.

तुलूझच्या त्या डब्यांवर नुसता कंसच उरला होता, नाव पुसलं गेलं होतं. कुणीतरी चिकाटीनं शोधलं, म्हणून ते परत मिळालं. पण मला त्या जत्रावाल्यांचंही मोल वाटतं. आमच्या गावच्या उरुसात तंबूतला सिनेमा यायचा, त्याची तुटकी-जोडलेली रिळं मी पाहिली आहेत. ती पोरंसोरं हसतात म्हणून जपली जात, कलाकृती म्हणून नव्हे. त्या फ्रेंच खेळवाल्यांनीही आपली रिळं तशीच जपली असावीत. नाव विसरले, पण हसू सांभाळलं.

तुमच्या घरात जुने फोटो असतील. आज एक काम करा. फोटो उलटा करा आणि मागे पेन्सिलीनं नाव लिहून ठेवा. पुढं कंसात, लोक त्यांना काय म्हणत तेही लिहा.